आजारी पोलिसाची बदली: कायदा नेमकं काय बघतो?

दरवर्षी एप्रिल-मे आला की नायगावपासून मरोळपर्यंतच्या पोलीस वसाहतींत एकच चर्चा असते: लिस्ट कधी निघणार, आणि त्यात कोणाकोणाचं नाव असणार. बदली पोलिसाच्या पाचवीलाच पुजलेली. त्यामुळे बहुतेक जण कुरकुरतात, बॅग भरतात आणि नव्या ठिकाणी हजर होतात. खरी पंचाईत होते ती आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या हवालदाराची. किंवा टाटा कर्करोग रुग्णालयात केमोच्या सहा सायकल ठरलेल्या आणि त्यातल्या तीनच झालेल्या महिला उपनिरीक्षकाची.

अशा वेळी दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक जण सांगतो, 'मेडिकल ग्राउंड आहे ना, मग हलवूच शकत नाहीत.' दुसरा सांगतो, 'खात्यात आजारबिजार कोण विचारतंय, गपचूप हजर हो.' दोन्ही सल्ले चुकीचे. पहिला ऐकणारा हजर होत नाही आणि गैरहजेरीची विभागीय चौकशी अंगावर ओढवून घेतो. दुसरा ऐकणारा हातात असलेला हक्कही सोडून देतो. प्रत्यक्षात आजारी पोलिसांच्या बदलीचे खटले उभे राहतात आजारावरून, पण त्यांचा निकाल बहुधा लागतो तो मुदत, अधिकार आणि कागदपत्रं यांवर. हे एकदा ध्यानात आलं की पुढचं सगळं सोपं होतं.

आधी मुदत मोजा

महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चा. त्याच्या कलम २८ नुसार रजेवर किंवा निलंबित नसलेला पोलीस सदैव कर्तव्यावर असल्याचं मानलं जातं, आणि राज्याच्या एका भागात नेमलेल्या पोलिसाला दुसऱ्या कुठल्याही भागात कामावर धाडता येतं. हे वाचून कोणालाही वाटेल, विषयच संपला.

तो संपला नाही, कारण पुढे एक मोठा निकाल आला. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी पोलीस सुधारणांचे आदेश दिले. बदल्यांमधला राजकीय हस्तक्षेप थांबावा म्हणून प्रत्येक राज्यात बदल्या ठरवणारं पोलीस आस्थापना मंडळ नेमा, हा त्यातलाच एक आदेश. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि त्यात '२२ न' (इंग्रजीत 22N) हे नवं कलम घातलं. बदलीचा प्रत्येक खटला आज या कलमाभोवती फिरतो.

हे कलम मुदती ठरवून देतं. शिपाई, हवालदार अशा अंमलदारांना एका नेमणुकीवर साधारण पाच वर्षं. उपनिरीक्षक, सहायक निरीक्षक आणि निरीक्षक यांना एका पोलीस ठाण्यात किंवा शाखेत दोन वर्षं आणि मुंबई आयुक्तालयात एकूण आठ वर्षं. गुन्हे शाखा, विशेष शाखा यांसाठी तीन वर्षं. सहायक आयुक्त आणि त्यांच्या वरच्यांना दोन वर्षं. मुदत पूर्ण झाल्यावर एप्रिल-मे महिन्यांत होते ती सर्वसाधारण बदली. बाकी सगळ्या मध्यावधी.

हा फरक नुसता नावाचा नाही. सर्वसाधारण बदलीत सरकारला कारण देत बसावं लागत नाही. मध्यावधी बदलीत द्यावं लागतं. अपवादात्मक परिस्थिती, सार्वजनिक हित आणि प्रशासकीय निकड हे शब्द कलम २२ न (२) मध्ये आहेत, आणि ते आदेशात नुसते टंकून भागत नाही. त्यांच्यामागे काय घडलं ते फाइलमध्ये दिसावं लागतं. शिवाय तो निर्णय योग्य मंडळानेच घ्यावा लागतो. मुंबईतल्या मुंबईत बदली असेल तर आयुक्तालयाचं आस्थापना मंडळ. निरीक्षकापर्यंतच्या अधिकाऱ्याला मुंबईबाहेर धाडायचं असेल तर महासंचालकांच्या अध्यक्षतेखालचं मंडळ क्रमांक २. उपअधीक्षक आणि वरचे राज्यसेवेतले अधिकारी असतील तर गृहमंत्री, आणि आयपीएस असतील तर मुख्यमंत्री.

म्हणून आजारी पोलीस सल्ला विचारायला आला की 'आजार काय आहे?' हा प्रश्न नंतर. 'सध्याच्या ठिकाणी किती वर्षं झाली?' हा आधी.

या कलमात आजार आहे कुठे?

जवळपास नाहीच. हे बऱ्याच पोलिसांनाही माहीत नसतं. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांचं धोरण बघा. त्यात 'विशेष संवर्ग भाग १' आहे आणि पक्षाघात, कर्करोग, हृदय शस्त्रक्रिया, डायलिसिस, मूत्रपिंड प्रत्यारोपण अशी नावानिशी यादी आहे. यादीत बसलात तर प्राधान्य. कलम २२ न मध्ये अशी यादी नाही. पोलिसांना गंभीर आजारांची यादी भेटते ती वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीच्या नियमांत. म्हणजे बिल मंजूर करून घेताना. बिल मंजूर झालं म्हणून बदली थांबत नाही, ही दोन वेगळी टेबलं आहेत.

कलमाला आजार स्पर्श करतो तो एकाच ठिकाणी, आणि तोही उलट्या बाजूने. राज्य सरकारला मुदतीआधी बदली करता येते त्याची कारणं दिली आहेत: शिस्तभंगाची कारवाई, न्यायालयात दोषी ठरणं, भ्रष्टाचाराचे आरोप, कर्तव्यात कसूर, आणि जबाबदारी पार पाडण्यास अन्य कारणाने असमर्थ होणं. आजारी माणसाला लाचखोर आणि कामचुकारांच्या पंगतीला बसवल्यासारखंच झालं हे.

याचा व्यवहारातला अर्थ नीट समजून घ्या. घाबरलेला माणूस विनंती अर्जात काय लिहितो? 'मला उभं राहवत नाही, रात्रपाळी झेपत नाही, बंदोबस्त करता येत नाही.' अर्ज वाचणारा म्हणतो, बरोबर आहे, मग पोलीस ठाण्यात ठेवून उपयोग काय, पाठवा यांना सशस्त्र विभागात किंवा साइड ब्रँचला, म्हणजे ठाण्याबाहेरच्या एखाद्या शाखेत. स्वतःच्या हाताने लिहिलेला अर्ज स्वतःवरच उलटतो. जे जमत नाही ते लिहाच, पण जे जमतं तेही तितक्याच ठळकपणे लिहा: ठाणे अंमलदाराचं काम, सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक प्रणालीवर नोंदी, मुद्देमालाचा हिशोब, वायरलेस, पासपोर्ट पडताळणीची कागदपत्रं. ठाण्यात बसून करायची कामं कमी नसतात आणि ती करायला माणसं हवीच असतात.

मुलुंडहून कुलाबा

एक कल्पित उदाहरण घेऊ. हवालदार मुलुंडला नेमणुकीला आहे, राहतो ठाण्यात, डायलिसिस मुलुंडच्याच एका केंद्रात. बदली झाली कुलाब्याला. कागदावर बघाल तर आयुक्तालय तेच, पगार तोच, हुद्दा तोच. नियम लावायला बसलेल्या कारकुनाला यात अन्याय कुठे आहे ते दिसणारच नाही.

आता त्याचा डावा हात बघा. मनगटाच्या वर शीर आणि धमनी शस्त्रक्रियेने जोडलेली असते, तिला फिस्टुला म्हणतात. त्यावर बोट ठेवलं की थरथर जाणवते. ती थरथर चालू आहे ना हे रुग्ण रोज सकाळी तपासतो, कारण ती थांबली तर डायलिसिसची वाटच बंद. त्या हातावर घड्याळाचा पट्टा घट्ट बांधायचा नाही, रक्तदाब मोजायचा नाही, जड वजन उचलायचं नाही. मोर्चाच्या बंदोबस्तात ढाल धरतात ती याच हाताने. एका वेळचं डायलिसिस साधारण चार तासांचं, आठवड्यातून तीनदा, आणि त्यानंतर माणूस पार गळून जातो. त्याला तिथून लोकलच्या गर्दीत तासाभराचा प्रवास करायला लावणं म्हणजे काय, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

पण याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडली आहे. बदलीच्या आदेशात ठिकाण असतं, पाळी नसते. पाळी ठरते ठाण्यात. या हवालदाराला कुलाब्यात कायम दिवसपाळी, ठरलेले तीन दिवस लवकर सुटका आणि बंदोबस्तातून वगळणं मिळालं, तर जवळचं दुसरं डायलिसिस केंद्र गाठून त्याचं निभावेल. उलट मुलुंडलाच राहिला आणि आठवड्यात दोन रात्रपाळ्या लागल्या, तर बदली रद्द करून मिळवलं काय? माझ्या मते निम्म्या प्रकरणांत लढाई ठिकाणाची नसून कामाच्या स्वरूपाची असते, आणि लोक मात्र ठिकाणासाठी वकील लावतात.

मुंबईबाहेरच्या बदलीचं गणित वेगळं. आठ वर्षं पूर्ण झालेला निरीक्षक नांदेड किंवा गडचिरोलीला चालला असेल, तर प्रश्न उपचार मिळतात का हाच असतो. तिथे प्रशासन हमखास म्हणतं की जिल्हा रुग्णालय तिथेही आहे. या वाक्याला उत्तर देऊ शकतो तो फक्त उपचार करणारा डॉक्टर. 'अमुक यांच्यावर उपचार सुरू असून विश्रांतीची गरज आहे' अशा चिठ्ठीचा काडीचा उपयोग नाही. कोणता आजार, कोणत्या टप्प्यावर, पुढचे उपचार किती महिने, किती दिवसांनी यावं लागेल, खंड पडला तर काय होईल आणि कोणतं काम करता येईल, हे सगळं प्रमाणपत्रात हवं. खासगी डॉक्टरच्या कागदावर शंका घेतली जाते, म्हणून नागपाड्याच्या पोलीस रुग्णालयाची नोंद किंवा शासकीय वैद्यकीय मंडळाचं मत जोडलेलं बरं.

आणि तारीख. बदलीचा आदेश मंगळवारचा आणि पहिलं वैद्यकीय प्रमाणपत्र बुधवारचं असेल, तर पुढचं कोणी वाचत नाही. आदेश हाती पडताच 'सिक' करून घरी बसण्याची जुनी सवय खात्याला पाठ आहे. खरोखर आजारी असलेला माणूसही त्या सवयीच्या संशयात अडकतो. त्यामुळे आजार कळल्या दिवसापासून तो वरिष्ठांना लेखी कळवणं, आवक शिक्का असलेली प्रत घरी ठेवणं, हे बदलीचा विषय निघण्याच्या कितीतरी आधी करायचं काम आहे. अडचण अशी की पोलीस आजार लपवतात. हृदयविकार कळला तर चांगली नेमणूक जाईल, नैराश्य कळलं तर शस्त्र काढून घेतील, ही भीती अगदीच खोटी म्हणता येत नाही.

आजार आणि दिव्यांगत्व

इथे बरेच जण गोंधळतात. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा पोलिसांसाठी फार मोलाचा ठरू शकतो, पण तो सगळ्या आजारांना लागू नाही. त्याच्या परिशिष्टात २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरॉसिस, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, मानसिक आजार त्यात येतात. कर्करोग, हृदयविकार, मूत्रपिंड निकामी होणं नावाने येत नाहीत. म्हणजे हाडाच्या कर्करोगात पाय गेला तर चलनवलनाच्या दिव्यांगत्वात तो माणूस बसतो. केमो चालू आहे एवढ्यावर बसत नाही. न्याय्य आहे का? मला नाही वाटत. पण कायदा आज असा आहे.

जो यात बसतो त्याच्यासाठी कलम २० (४) आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदावनत करता येत नाही. सध्याचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर घ्यायचं, पद नसेल तर त्याच्यासाठी जादा पद निर्माण करायचं. सरकार काही आस्थापनांना या कलमातून सूट देऊ शकतं, त्यामुळे गणवेशातल्या दलांबाबत हा वाद निघत राहतो. तरीही सर्वोच्च न्यायालयाचा कल स्पष्ट आहे. जुन्या १९९५ च्या कायद्यातही असंच कलम होतं. त्याच्या आधारे २००३ मध्ये, कर्तव्यावर झालेल्या दुखापतीनंतर पाय कापावा लागलेल्या निमलष्करी दलाच्या शिपायाला, निवृत्तिवेतन देऊन घरी पाठवण्याऐवजी सेवेत ठेवण्याचा निकाल न्यायालयाने दिला. २०२१ मध्ये मानसिक आजार असलेल्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या अधिकाऱ्याला संरक्षण देताना न्यायालयाने सांगितलं की, सध्याच्या कामाला तो अयोग्य ठरला तर दुसरं काम द्या आणि ते शस्त्रांशी संबंध नसलेलं ठेवण्याची मुभा दलाला आहे. मानसिक आजाराची नोंद झाली की कारकीर्द संपली असं समजणाऱ्यांनी हा निकाल जरूर बघावा.

याच कायद्याच्या कलम २३ नुसार प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असावा लागतो. आधी त्याच्याकडे लेखी तक्रार टाकलेली पुढे न्यायाधिकरणात कामी येते.

मॅटमध्ये काय होतं

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक वादांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण १९९१ पासून आहे. सगळे त्याला 'मॅट' म्हणतात. मुख्य पीठ मुंबईत, बाकी नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. पोलिसाने आधी इथेच यायचं. निकाल पटला नाही तर उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे रिट. १९९७ च्या सात न्यायमूर्तींच्या निकालाने ही वाट पक्की झाली.

बदलीबाबत न्यायालयांची मूळ भूमिका कर्मचाऱ्याला फारशी अनुकूल नाही, हे मान्य करूनच आत जावं. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये गुजरात विद्युत मंडळाच्या खटल्यात सांगितलं की बदली हा नोकरीचा भाग आहे आणि निवेदन प्रलंबित आहे म्हणून हजर न होणं चालणार नाही. पुढे १९९१ आणि १९९३ च्या निकालांनी चौकट आखली: कोणाला कुठे नेमायचं हे प्रशासन ठरवणार, न्यायालय हात घालणार ते बंधनकारक नियम मोडला असेल किंवा आकसाने बदली केली असेल तरच. आजारपणासारख्या वैयक्तिक अडचणी? त्या प्रशासनाने सहानुभूतीने विचारात घ्याव्यात, एवढंच.

म्हणूनच कलम २२ न इतकं महत्त्वाचं. ते 'बंधनकारक नियम' आहे. मुदत पूर्ण नव्हती, मंडळाची बैठकच झाली नाही, इतिवृत्तावर सगळ्या सदस्यांच्या सह्या नाहीत, कारणाच्या जागी 'प्रशासकीय कारणास्तव' एवढेच दोन शब्द आहेत: न्यायाधिकरण फाइल मागवतं तेव्हा अशा गोष्टी उघड्या पडतात. कधी बदलीला 'तात्पुरती संलग्नता' असं नाव दिलेलं असतं आणि तात्पुरतं काही वर्षं चालतं. त्यावरही भांडता येतं. वरिष्ठांशी खटका उडाला म्हणून उचलबांगडी झाली असेल तर २००९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे: शिक्षेऐवजी केलेली बदली टिकत नाही. आजार या सगळ्याच्या जोडीला उभा राहतो, आणि तिथे तो खरंच वजनदार ठरतो. अंतरिम स्थगिती द्यायची की नाही हे ठरवताना 'थांबवलं नाही तर भरून न येणारं नुकसान होईल का' हा प्रश्न असतो, आणि अर्धवट सुटलेल्या केमोपेक्षा मोठं उदाहरण कोणतं?

कायद्याने अर्ज करायला वर्षाची मुदत आहे, पण बदलीत ती निरर्थक. एकतर्फी कार्यमुक्त केलं, जागेवर दुसरा माणूस हजर झाला, की स्थगिती मिळणं फार अवघड होतं. आदेश शुक्रवारी संध्याकाळी निघण्यात काही योगायोग नसतो, असं खात्यातले जुने लोक हसत सांगतात. निवेदन त्याच दिवशी द्यायचं, पोच घ्यायची आणि वकिलाकडे जायचं. आमदाराचं पत्र मात्र जोडू नका. १९७९ च्या वर्तणूक नियमांनुसार बाहेरचं वजन आणणं हेच गैरवर्तन ठरतं.

निवडणुकीच्या तोंडावर होणाऱ्या बदल्या आणखी चिवट. चार वर्षांपैकी तीन वर्षं एकाच जिल्ह्यात काढलेल्या अधिकाऱ्यांना हलवा, असा निवडणूक आयोगाचा ठोकताळा असतो. निवृत्तीला सहा महिने उरलेल्यांना त्यातून सूट मिळते. इतरांनी आधी आयोगाच्या सूचना आपल्या पदाला लागू होतात का ते तपासावं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ठाण्यातल्या चाळीस अंमलदारांपैकी सहा जण हलक्या कामावर असतील तर नाकाबंदीला, कोर्ट ड्युटीला, गणपती विसर्जनाला उरलेलेच राबतात. त्यातही पाठीची दुखणी आणि शुगर असलेले कितीतरी असतात. वरिष्ठ निरीक्षक वैतागतो तो दर वेळी निर्दयपणे नव्हे. खोटी प्रमाणपत्रं आणणारेही आहेत, आणि त्यांची किंमत खऱ्या रुग्णाला मोजावी लागते. माझ्या मते शिक्षकांसारखी ठरलेली यादी आणि एका वैद्यकीय मंडळाची तपासणी पोलिसांसाठी आणली, तर दोन्ही बाजूंची निम्मी भांडणं ठाण्याच्या पायरीवरच मिटतील.

मॅटमध्ये जिंकलं तरी 'याच ठाण्यात ठेवा' असा हुकूम मिळेलच असं नाही. बऱ्याचदा आदेश असतो की निवेदनावर इतक्या आठवड्यांत कारणांसह निर्णय घ्या. आणि एक गोष्ट वकीलही कधीकधी विसरतात. कार्यमुक्त झाल्यापासून पुन्हा हजर होईपर्यंत मध्ये जे दोन-तीन महिने जातात, त्यांचं काय? ते कर्तव्य म्हणून धरले नाहीत तर शिल्लक रजा त्यातच संपते, आणि उपचारांसाठी जपून ठेवलेली नेमकी तीच रजा असते. हा काळ 'सक्तीचा प्रतीक्षा कालावधी' मानून कर्तव्यातच धरावा अशी मागणी मूळ अर्जाच्या विनंतीतच घालायची. नंतर त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी तारीख आणि वेगळा खर्च होतो.